कर्जमुक्तीचे दलाल



कर्जमाफीची नुसती चर्चा निघाली तरी दलालांचा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने '३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ' असे आश्वासन दिले. दलालाला एवढे पुरते. 'नोटीस थांबवतो, निम्म्यात मिटवतो, सातबारा कोरा करतो, फी आगाऊ.' असोद्याच्या बैठकीपुढे सवाल एवढाच : हे काम यांच्याच्याने होते का?

होत नाही. कर्ज सोडण्याचा अधिकार दोघांनाच. ज्याने दिले त्याला, नाहीतर त्याचे पैसे भरून देणाऱ्या सरकारला. मधल्याच्या हातात सोडायला आहे काय? कसलाही अधिकार नसताना फी घेऊन 'कर्जमाफीचे दाखले' देणाऱ्यांपासून सावध राहा, असा जाहीर इशारा रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी दिला आहे. सोसायटीने कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला, तर दलालाच्या कागदाने जप्ती टळत नाही.

मागच्या कर्जमाफ्या आठवा. २००८ साली केंद्राने दोन हेक्टरपर्यंतच्यांचे थकीत पीककर्ज माफ केले. राज्याने २०१७ साली दीड लाखापर्यंत आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंत माफी दिली. याद्या बँकांच्या खात्यांवरून झाल्या. नावे गळाली, हे खरे. २००८ च्या योजनेतल्या चुका महालेखापरीक्षकांनीही दाखवल्या. पण नाव गळते ते बँकेच्या, सोसायटीच्या नोंदीत. दुरुस्तीही तिथेच करून घ्यावी लागते.

हिशेब मांडा. समजा थकबाकी ८०,००० रुपये. दलालाने शेकडा दहाने ८,००० घेतले. कर्ज ८०,००० तसेच, वर व्याज चालू. 'बँकेत भरूच नका' हा सल्ला ऐकून ज्याची मुदत चुकली, त्याची तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावरची बिनव्याजी सवलत गेली. तो थकबाकीदार झाला, नवे कर्ज बंद झाले. पेरणीला मग सावकाराचेच दार.

कोणी म्हणेल, चळवळही 'कर्ज देणे नाही' म्हणतेच की! म्हणते, पण उघड, सगळ्यांनी मिळून, सरकारला जाब विचारत. कोणाकडून फी घेऊन खोटा दाखला विकत नाही.

तडजोड करायचीच असेल, तर शाखेत एकरकमी परतफेडीचा लेखी अर्ज स्वतः द्या. पोच घ्या. ठरेल ते लेखी घ्या. पैसे खात्यातच भरा, बेबाकी दाखला हातात पडल्याशिवाय उठू नका. अवैध सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. व्यवहार १५ वर्षांच्या आतला हवा.

आणि हे कर्ज झाले कुठून? १९ ऑगस्ट २०२५ पासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, मग ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमका आपला कापूस घरात यायचा तोच काळ. भाव पाडणारे दिल्लीत, वसुली गावात! घामाचे दाम मिळाले तर ज्वारी-कापूस पिकवणारा कर्ज फेडायला समर्थ आहे. भांडण तिथे आहे. दलालाला द्यायचा पैसा बियाण्याला ठेवा, आणि नोटीस आली असेल तर ती घेऊन बैठकीला या.