पदकाची किंमत कोणी मोजावी?

पुल्लेला गोपीचंद यांनी मार्च २००१ मध्ये बर्मिंगहॅम येथे चीनच्या चेन हाँग यांचा पराभव करून ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकली. प्रकाश पदुकोण यांच्या १९८० मधील विजयानंतर हा मान पुन्हा भारताकडे येण्यास एकवीस वर्षे लागली होती. १९९४ मध्ये गुडघ्याला झालेल्या जबर दुखापतीने ज्यांची कारकीर्दच संपुष्टात येण्याची वेळ आली होती, त्यांनी हा पराक्रम करावा, हे कौतुकास्पद खरेच. परंतु गोपीचंद यांचे खरे मोठेपण त्यानंतरच्या कार्यात आहे.

विजयानंतर शीतपेयाच्या जाहिरातीचे पैसे त्यांनी नाकारले. पुढे सरकारने दिलेल्या जमिनीवर हैदराबादजवळ गचिबावली येथे अकादमी उभारताना राहते घर गहाण ठेवले. २००८ मध्ये ती अकादमी उभी राहिली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये साईना नेहवाल हिने कांस्यपदक आणि २०१६ मध्ये रिओ येथे पी. व्ही. सिंधू हिने रौप्यपदक मिळविले, ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली.

अशा या प्रशिक्षकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पालकांना इशारा दिला, की पाठीशी संपत्ती किंवा घरचा व्यवसाय नसेल तर मुलांना खेळाच्या व्यवसायात घालू नये. अनेकांना तो निराशेचा सूर वाटला. वस्तुतः तो एका अनुभवी माणसाने मांडलेला रोखठोक हिशेब आहे. पहाटेपासून कोर्टावर घाम गाळणाऱ्या शंभर मुलांतून एखादाच पदकापर्यंत पोचतो. उरलेल्यांची ऐन शिक्षणाची वर्षे खेळात जातात आणि पंचविशीच्या आत बाहेर यावे लागते, तेव्हा हाती ना पदवी असते ना कसब. श्रीमंताचा मुलगा हा तोटा सोसतो. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या मुलाला तो आयुष्यभर फेडावा लागतो.

हालअपेष्टांतूनच विजेते घडतात, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो फसवा आहे. हाल सोसून जिंकलेला तेवढा आपल्याला दिसतो. तेच हाल सोसून हरलेल्याची नोंद कोणी ठेवत नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, शालान्त परीक्षेत क्रीडागुणांची सवलतही आहे. या तरतुदी स्तुत्य होत. पण त्यांचा दरवाजा प्रमाणपत्रानेच उघडतो. प्रमाणपत्राच्या एक पायरी अलीकडे थांबलेल्याचे काय?

उत्तर गोपीचंद यांच्याच चरित्रात आहे. खेळणे थांबले तरी खेळातील ज्ञान संपत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. मागे राहिलेल्या खेळाडूला रीतसर प्रशिक्षण देऊन शाळाशाळांतून पगारी मार्गदर्शक नेमता येईल. खेळणाऱ्या विद्यार्थ्याची परीक्षा स्पर्धेच्या तारखांशी जुळवून घेता येईल आणि खंडित शिक्षण पुढे चालू ठेवण्याची हमी देता येईल. यासाठी भव्य क्रीडासंकुलांइतका पैसा लागत नाही. पराभूताविषयी आस्था मात्र लागते.

पदक मिळाले की ते राष्ट्राचे होते आणि हुकले की कर्ज तेवढे आईबापांचे उरते. हा व्यवहार न्यायाचा नव्हे. घर गहाण ठेवणारा गोपीचंद दर पिढीत जन्मेलच, या भरवशावर देशाचे क्रीडाधोरण उभे राहू शकत नाही.