जनरल मोटर्सला खरेच हाकलले होते का?

‘परवानाशाहीने जनरल मोटर्सला हाकलले’ हे वाक्य इतिहासप्रेमींत वारंवार ऐकू येते. मला ते अर्धसत्य वाटते.

१९२८ मध्ये या कंपनीने मुंबईत शिवडी येथे देशातील पहिला मोटार-जुळणी कारखाना काढला. तेथे फक्त जुळणी होई. सुटे भाग पेट्यांतून समुद्रापलीकडून येत. १९५३ मध्ये सरकारने अट घातली : भाग टप्प्याटप्प्याने येथेच घडवणार असाल तर राहा. कंपनीने गाशा गुंडाळणे पसंत केले.

अट रास्तच होती. पेट्या उघडून कोणी ओतारी होत नाही. आमच्या कोल्हापुरात उसाचे चरक आणि ऑइल इंजिने यांवर हात बसलेल्या कारागिरांना, पुढे शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना, वाहनांचे ओतकाम मिळाले ते भाग देशातच घडू लागल्यामुळे.

दुसऱ्या फेरीत तर परवानाशाहीही उरली नव्हती. तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये शेव्हरोलेची देशातील विक्री थांबली, डिसेंबर २०२० मध्ये निर्यातीसाठीचे उत्पादनही. कामगार न्यायालयात गेले. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. या वेळी हाकलले कोणी?