डाकिणीचा शिक्का

चौकशीची नोटीस आली की पुढारी ‘विच हंट’ची ओरड करतात. त्यांच्या दिमतीला वकिलांची फौज असते. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून फासावर गेलेल्या १९ जणांना वकीलही नव्हता. मुलींना झटके आले, त्यांनी बोट दाखवले, की धरपकड सुरू. सेलमला निदान लाज वाटली. एका न्यायाधीशाने १६९७ मध्ये जाहीर माफी मागितली. दोषी ठरलेली शेवटची बाई मात्र २०२२ मध्ये निर्दोष ठरली.

आपल्या सातपुड्यात मूल दगावले, म्हैस आटली की बोट अजूनही बाईकडेच वळते. ती विधवा असेल, नावावर जमीन असेल, तर भगताचे काम आणखी सोपे. झारखंडच्या छुटनी महतो यांनी डाकिणीचा हा शिक्का सोसला, गाव सोडले आणि पुढे अशाच बायकांना आधार दिला; २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, महाराष्ट्रात आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणीचा, मंत्राने जनावराचे दूध आटवल्याचा आळ घेणेही गुन्हा ठरवले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. तक्रार घ्यायला खळखळ करणाऱ्या ठाणेदारांनी या कायद्याची अनुसूची एकदा तरी वाचावी.