दात उपटण्याआधी रक्त तपासा

तीन वर्षांच्या पोराचा दात मार न लागता हलू लागतो. हिरडी लालभडक, हात लावला की रक्त. घरचे म्हणतात, ‘दुधाचाच आहे, पडणारच होता.’ शेजारी चॉकलेटवर खापर फोडतात. दवाखान्यात दात निघतो. दुधाचा दात वेळेवर पडतो तेव्हा त्याचं मूळ झिजून गेलेलं असतं. हा मात्र अख्ख्या मुळासकट हातात येतो. आणि तरी विषय तिथेच संपतो.

१. ही कीड नव्हे. किडीत दात खराब होतो. इथे दात शाबूत असतो आणि त्याला धरणारं हाड विरघळतं. हिरडीच्या कडेला जंतू कायमच असतात, रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्यांना आवरून धरतात. काही मुलांत जन्मतःच या पेशी फार कमी असतात; हा न्यूट्रोपेनिया. काहींत भरपूर असतात, पण रक्तवाहिनीबाहेर पडूच शकत नाहीत; याला ल्युकोसाइट ॲडहिजन डेफिशियन्सी, थोडक्यात एलएडी म्हणतात. पापियाँ-लफेव्र विकारात तळहात-तळपायांची कातडीही जाड होते. मग आई कातडीसाठी एका खिडकीवर केसपेपर काढते, दातांसाठी दुसऱ्या, आणि दोन्ही कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. ‘याचे दात घासत नाही का?’ हे तेवढं तिला दोन्हीकडे ऐकावं लागतं.

२. म्हणून पहिली मागणी: पाच वर्षांखालच्या मुलाचा दात अपघाताशिवाय हलत असेल, तर काढण्याआधी सीबीसी करा, पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीसह. रिपोर्ट बालरोगतज्ज्ञाने वाचावा. एलएडीत संसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या दिसतात, ‘इन्फेक्शन आहे’ म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. जखमेत पू का धरत नाही, हे कुणी विचारत नाही. सायक्लिक न्यूट्रोपेनियात न्यूट्रोफिल साधारण दर २१ दिवसांनी घसरतात आणि पुन्हा सावरतात. तिथे एका चांगल्या रिपोर्टवर निर्धास्त होणं धोक्याचं. रक्त ठीक निघालं, तर हाडांचे विकार तपासावेत.

३. एलएडीची खूण दातांच्याही आधी दिसते. नाळ एरवी आठवड्या-दोन आठवड्यांत पडते. या बाळांची अनेकदा तीन आठवडे उलटले तरी तशीच असते. नेमकं तेव्हाच कुणीतरी घरी येत असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत रुजवली, २०११ पासून ती देशभर आशाताईंकडे आली. २१व्या आणि २८व्या दिवशीची भेट ठरलेली आहे. नवा फॉर्म नको, आहेत तेच त्यांना पुष्कळ झाले. आहे त्या नोंदीतच नाळेचा प्रश्न ठळक करा. २१व्या दिवशी नाळ असेल, तर बाळ डॉक्टरांकडे.

४. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात. तोंड उघडायला सांगतातच, तर दात बोटाने हलवूनही पाहावेत.

५. ‘कळून करायचं काय?’ न्यूट्रोपेनियावर पेशी वाढवणारं इंजेक्शन आहे. तीव्र एलएडीत वेळेत बोन मॅरो प्रत्यारोपण झालं नाही, तर बरीच मुलं लहानपणीच दगावतात. तिथे दातांचं दुःख कोण करणार? परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा विकारांचं निदान होतं. २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणानुसार काही जन्मजात प्रतिकारदोषांच्या प्रत्यारोपणाला मदत मिळते, आता ५० लाखांपर्यंत. शिवाय एलएडी आणि पापियाँ-लफेव्रमध्ये पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका असतो. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असलेल्या घरांनी हे आधी ऐकावं. बिघडलेला जनुक सापडला असेल, तर गर्भातही तपासता येतं.

६. ‘इतक्या दुर्मीळ आजारासाठी सगळ्यांना सुया टोचायच्या?’ सगळ्यांना कोण म्हणतंय? अकाली दात हलणाऱ्या मोजक्या मुलांपुरतंच हे आहे. आरोग्य खात्याचं एका पानाचं परिपत्रक पुरेल. मात्र सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट आणि त्याच दिवशी होईल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. नाहीतर चिठ्ठी लिहून दिली जाईल, आणि रोज बुडवून आलेली आई ती पदराला बांधून एसटी गाठेल.