ना सैन्य, ना तेल : रशिया-युक्रेन युद्धात पोपनं पाठवलेले कार्डिनल झुप्पी नेमकं काय करतात?

रशिया-युक्रेन युद्धात मध्यस्थी करायला कोणकोण पुढं आलं याची यादी काढली, तर त्यात तुर्कस्तानचे एर्दोगान सापडतात, चीन सापडतो, सौदी अरेबिया आणि कतार सापडतात. ट्रम्प तर आहेतच. पण याच यादीत एक नाव असं आहे जे आपल्याकडच्या बातम्यांमध्ये फारसं ऐकू येत नाही. कार्डिनल मातेओ झुप्पी.

झुप्पी हे इटलीतल्या बोलोन्या शहराचे आर्चबिशप. शहरात सायकलवरून फिरतात म्हणून तिथल्या लोकांना माहिती असलेले. त्यांच्याकडे ना सैन्य आहे, ना तेल, ना कुणावर निर्बंध लादायची ताकद. तरीही मे २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी युक्रेनच्या मोहिमेसाठी याच माणसाला निवडलं.

कार्डिनल म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये पोपच्या खालोखालचा मान. नवा पोप हेच लोक निवडतात. मुंबईचे माजी आर्चबिशप ओसवाल्ड ग्रेशस हेही कार्डिनलच. आता व्हॅटिकनकडं स्वतःचं परराष्ट्र खातं आहे, जगभर राजदूत आहेत, ते तयार करायला रोममध्ये वेगळी अकादमीही आहे. गंमत म्हणजे झुप्पी त्या अकादमीतून आलेले नाहीत. १९५५ साली रोममध्ये जन्मलेला हा मुलगा शाळेत असतानाच सान्त एजिदिओ नावाच्या संघटनेत गेला. १९६८ मध्ये आंद्रेआ रिकार्दी या शाळकरी पोरानं ती सुरू केली होती. काम काय, तर झोपडपट्टीतल्या मुलांना शिकवायचं, एकट्या म्हाताऱ्यांकडं बघायचं, बेघरांना जेवण द्यायचं.

मग ही माणसं युद्धाच्या भानगडीत कशी पडली? त्यासाठी आफ्रिकेत, मोझांबिकला जावं लागतं.

मोझांबिक १९७५ मध्ये पोर्तुगालच्या तावडीतून सुटला आणि दोनच वर्षांत यादवी पेटली. एका बाजूला सत्तेत असलेला मार्क्सवादी फ्रेलिमो पक्ष, दुसऱ्या बाजूला रेनामो. रेनामोला आधी शेजारच्या ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारनं उभं केलं आणि नंतर दक्षिण आफ्रिकेनं पोसलं. मरणाऱ्यांचा आकडा दहा लाखांपर्यंत गेला असं मानलं जातं. सरकार रेनामोला ‘सशस्त्र दरोडेखोर’ म्हणायचं. दरोडेखोरांशी बोलणी कशी करणार?

इथं कामाला आली ती ओळख. बैरा शहराचे आर्चबिशप जायमे गोन्साल्वेस रोममध्ये शिकत असताना सान्त एजिदिओच्या पोरांचे मित्र झाले होते. त्यांच्यामार्फत संघटनेनं मोझांबिकला धान्य-औषधं पाठवली, मंत्र्यांशी संबंध जोडले. गोन्साल्वेस हे रेनामोचे नेते अफोन्सो धलाकामा यांच्याच जमातीचे, त्यामुळं ते जंगलात जाऊन त्यांनाही भेटून आले. शेवटी जुलै १९९० मध्ये रोमच्या त्रास्तेवेरे भागातल्या एका जुन्या मठात दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. मध्यस्थ चार : रिकार्दी, गोन्साल्वेस, इटलीच्या सरकारतर्फे मारिओ राफाएली आणि ३४ वर्षांचे फादर झुप्पी.

पहिल्या बैठकीच्या निवेदनात युद्धबंदीचा पत्ता नव्हता. दोन्ही बाजूंनी एवढंच मान्य केलं की आपण एकाच देशाची, एकाच मोठ्या कुटुंबातली माणसं आहोत. वाचायला गुळमुळीत वाटतं, पण ज्यांना काल दरोडेखोर म्हटलं त्यांना देशबांधव म्हणणं ही सरकारसाठी मोठी माघार होती. पुढं सत्तावीस महिने, अकरा फेऱ्या. बोलणी तुटायची, लोक निघून जायचे, परत बोलवावं लागायचं. ४ ऑक्टोबर १९९२ ला करारावर सह्या झाल्या आणि १९९४ मध्ये निवडणूकही झाली. मोझांबिकनं झुप्पींना मानद नागरिकत्व दिलं.

‘काही पाद्र्यांनी युद्ध थांबवलं’ अशी ही गोष्ट सांगायला छान वाटते, पण ती अर्धीच खरी आहे. सोव्हिएत युनियन कोसळला होता. दक्षिण आफ्रिकेत मंडेला सुटले होते, त्यामुळं रेनामोचा आधार हलला होता. त्यात १९९२ चा भयंकर दुष्काळ. दोन्ही बाजू दमल्या होत्या, फक्त बसायला विश्वासाची जागा मिळत नव्हती. ती या लोकांनी दिली, आणि पुरेसा वेळ दिला. (२०१३ नंतर तिथं पुन्हा चकमकी झाल्या आणि २०१९ मध्ये नवा करार करावा लागला, हेही लक्षात ठेवायला हवं.)

युक्रेनमध्ये नेमकं हेच नव्हतं. झुप्पींची नियुक्ती झाली तेव्हा दमलेलं कुणीच नव्हतं. शिवाय झेलेन्स्कींनी त्याच महिन्यात पोपना भेटून बाहेर आल्यावर सांगून टाकलं होतं की आम्हाला मध्यस्थ नको, न्याय्य शांतता हवी. त्यांचा मुद्दा बिनबुडाचा नाही. घरात घुसलेला आणि घरवाला यांच्यापासून सारख्याच अंतरावर उभं राहणं, हे घरवाल्याला अन्यायाचंच वाटणार.

झुप्पी जूनमध्ये कीवला गेले. रशियन सैन्य माघारी गेल्यावर रस्त्यांवर नागरिकांची प्रेतं सापडली होती त्या बुचामध्ये प्रार्थना केली, झेलेन्स्कींना भेटले. महिनाअखेरीस मॉस्को. तिथं पुतिन भेटले नाहीत, त्यांचे सल्लागार उशाकोव्ह भेटले. पुढं वॉशिंग्टनमध्ये बायडेन, सप्टेंबरमध्ये बीजिंगमध्ये चीनचे विशेष दूत ली हुई. युद्धबंदीच्या बाबतीत हाती काहीच लागलं नाही.

मॉस्कोतली एक भेट मात्र महत्त्वाची होती. मारिया ल्वोवा-बेलोवा. रशियाच्या बालहक्क आयुक्त, आणि युक्रेनी मुलांना बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपाखाली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट असलेल्या बाई. युक्रेन सरकारच्या म्हणण्यानुसार अशी १९ हजारांहून जास्त मुलं नेली गेली. अशा व्यक्तीशी हात मिळवायचा का? पण मुलांची माहिती ज्यांच्याकडं आहे त्यांनाच विचारावं लागतं, आणि कीवचा अधिकारी जाऊन विचारू शकत नव्हता.

तेव्हापासून झुप्पींचं काम याच वाटेनं चाललंय. युक्रेननं नावांच्या याद्या द्यायच्या, व्हॅटिकननं त्या मॉस्कोला पोचवायच्या, उत्तरं आणायची. मुलांसाठी, युद्धकैद्यांसाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पुन्हा मॉस्कोला जाऊन परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांना भेटले. परत आलेल्या मुलांची संख्या एकूण आकड्यापुढं फारच थोडी आहे.

त्यात भर खुद्द पोपनी घातली. मार्च २०२४ मध्ये फ्रान्सिस यांची ‘पांढरं निशाण दाखवायचं धाडस’ असे शब्द असलेली मुलाखत बाहेर आली आणि कीव इतकं भडकलं की व्हॅटिकनच्या राजदूताला बोलावून घेतलं गेलं. दूतानं वर्षभर कमावलेला विश्वास मालकानं एका वाक्यात खर्च करावा, तसं झालं.

फ्रान्सिस यांच्या निधनानंतर मे २०२५ मध्ये नव्या पोपच्या शर्यतीत झुप्पींचंही नाव घेतलं जात होतं. निवडून आले लिओ चौदावे. त्यांनी लगेच शांतता चर्चेसाठी व्हॅटिकनची जागा देऊ केली आणि ट्रम्पनाही कल्पना आवडली. पण लावरोव्ह म्हणाले, दोन ऑर्थोडॉक्स देशांनी कॅथलिकांच्या अंगणात बसून बोलणं काही शोभत नाही. शिवाय मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरील उघडपणे युद्धाच्या बाजूनं आहेत, म्हणजे धर्माच्या नात्यानं दार ठोठवावं तर तेही बंद. त्रास्तेवेरेच्या मठात मार्क्सवादी सरकार येऊन बसलं होतं, कारण त्याला बसायची गरज होती. क्रेमलिनला तशी गरज वाटेपर्यंत झुप्पींच्या हातात नावांच्या याद्याच आहेत.