मागचा वायपर संपावर?

पाऊस सुरू झाला, वीकेंडचा लोणावळा प्लॅन पक्का झाला आणि नेमका मागचा वायपर रुसला. बटण दाबा, तो ढिम्म! 'पुढचे दोन चालतायत ना, बास झालं,' असं म्हणून आपण निघतोही. पण हॅचबॅकवाल्यांनो, तुमच्या गाडीची पाठ सरळ कापलेली असते. धावताना तिच्यामागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेलं गढूळ पाणी तिथे ओढलं जाऊन थेट काचेवर बसतं. सेडानच्या तिरक्या काचेला हा त्रास बराच कमी. रिव्हर्स घेताना मागे कोण उभं आहे, हे दिसायला हवं ना?

गॅरेजमध्ये गेलात की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, 'मोटर गेली साहेब, बदलावी लागेल.' गेली असेलही. पण खिशात हात घालण्याआधी जरा डिटेक्टिव्ह व्हा.

आधी कान लावा. इग्निशन ऑन, काच ओली, वायपर ऑन. मोटरची घरघर ऐकू येतेय पण दांडी हलत नाही? म्हणजे करंट पोचतोय. दांडीचा नट सैल असेल किंवा आतला दांडा गंजला असेल. लगेच बंद करा. अगदीच शांतता? मग फ्यूज बघा. कुठला ते मॅन्युअलमध्ये सापडेल. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. 10 च्या जागी 20 चा टाकलात तर फ्यूज वाचेल, वायर जळेल! नवाही उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबा.

फ्यूज ठीक असेल तर खरा संशयित डिक्कीच्या बिजागरीजवळची रबरी नळी. मागच्या वायरी त्यातून जातात आणि डिक्की उघडली-मिटली की दर वेळी वाकतात. काही वर्षांनी आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं. नंबरप्लेटचा दिवा किंवा डिफॉगरही रुसलाय? डिक्की हलवली की वायपर मधूनच चालतो? मग चोर तिथेच. रबर सरकवून एकेक वायर हलकेच ओढा, तुटलेली लगेच ताणली जाते.

तरीही कळलं नाही तर 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या. वायपर ऑन ठेवून मोटरच्या कनेक्टरमधली सप्लायची पिन आणि गाडीचा उघडा पत्रा यांच्यामध्ये लावा. पेटला नाही तर बिघाड वायर किंवा स्विचमध्ये. पेटला, पण कनेक्टरच्याच अर्थिंगच्या पिनवर पेटत नाही, तर अर्थिंग तुटलंय. दोन्हीकडे लख्ख पेटला, तरच मोटर गेली.

तुटलेली वायर सोल्डर करून स्लीव्ह चढवणं हे नव्या मोटरपेक्षा कितीतरी स्वस्तातलं काम. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र वायरींना हात लावू नका. नव्या गाड्यांत बऱ्याचदा वायपरचा हुकूम कॉम्प्युटरकडून येतो, तिथे सर्व्हिस सेंटरचा स्कॅनरच हवा.

बाकी, 'मोटर गेली' ऐकलंत की एकच विचारा, 'कनेक्टरला करंट येतोय का, बघितलंत?'