हप्ता म्हणजे अंदाजपत्रक नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आमच्या नात्यातलं एक जोडपं (हे वाचतीलच, आणि रागावतीलही!) पुण्यात सत्तर लाखांचा फ्लॅट घेतंय. पहिलंच घर. इमारत अजून उभी राहायचीय, करारनामा पुढच्या महिन्यात. मी फोनवर विचारलं, "हिशोब मांडलात का रे?" तर उत्तर आलं, "हो आत्या, हप्ता बसतोय. बँकेने मंजूर केलंय ना!"

या "बँकेने मंजूर केलंय"वरच माझा राग आहे. बँक बघते ते तिचं कर्ज फिटेल की नाही एवढंच. तुम्ही महिन्याच्या पंचवीस तारखेला भाजी कशी आणणार, हा तिच्या फॉर्मात रकानाच नाही. शिवाय घर तिच्याकडे गहाण असतं, मग तिला कसली काळजी?

मी बी.ए. मराठीची, पण शाळेत शिक्षक कमी म्हणून सातवीला व्याजाची गणितं वर्षानुवर्षं शिकवली. तेव्हा वही घेऊन बसले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांच्या वर आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्केच मिळतात. म्हणजे ५६ लाख बँकेचे, १४ लाख खिशातले. मुलांनी १४ लाख जमवलेत, कौतुक आहे. पण पुढे? पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, साडेतीन लाख. झाले ८ लाख ७० हजार! मुद्रांक आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते आपल्यालाच भरायचं. हे पैसे कुठून येणार, विचारलं तर म्हणे "बघू, पर्सनल लोन काढू." अरे! घराच्या कर्जाच्या डोक्यावर आणखी महाग कर्ज? (खरेदीखत एकट्या बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून. इथे ७० हजार वाचतात. पण नवऱ्याचं नावही घातलं की सवलत गेली. कोणाचं नाव घालायचं ते घरात बसून ठरवा, मी त्यात पडत नाही.)

आता हप्ता. साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर महिना ४८,६००च्या आसपास. पहिल्या हप्त्यातले जवळपास ३९,७०० नुसतं व्याज, मुद्दल फिटतं जेमतेम नऊ हजार. दोघांचे मिळून हातात येतात एक लाख पंधरा हजार, त्याचे ६५ आणि तिचे ५०. कागदावर बसतं सगळं. पण घराचा ताबा मिळेपर्यंत आत्ताचं १८ हजार भाडंही चालूच राहणार, आणि बँकेने जेवढी रक्कम बिल्डरला दिली तेवढ्याचं व्याजही. हा दुहेरी काळ कोणी वहीत लिहीतच नाही. ताबा मिळाला की सोसायटीची देखभाल, मालमत्ता कर, पडदे, पंखे, ओट्याखालचे कप्पे... आणि पाहुण्यांना दाखवायला म्हणून केलेलं ते छत!

व्याजदरही जागचा राहत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला होता. २०२५मध्ये तो उतरला, हे खरं. पण वीस वर्षांत पुन्हा चढणारच नाही असं कोण लिहून देणार? दोन टक्के वाढला तर त्याच कर्जाचा हप्ता ५५,९०० होतो.

आणि खरी गोष्ट, जी कोणी तोंडाने काढत नाही. उद्या घरात बाळ आलं तर? कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे, ती संपल्यावर पाळणाघर किंवा नोकरीला रामराम. तिचा पगार थांबला की ६५ हजारांतून हप्ता वजा जाता उरतात १६,४००. त्यात तिघांनी खायचं. मग सासरची-माहेरची माणसं म्हणणार, "लगेच जॉइन हो गं, हप्ता आहे ना!" म्हणजे बाळाला किती महिन्यांचं असताना सोडायचं, हेही बँकच ठरवणार.

दोष नुसता मुलांचा नाही, आपण म्हातारी माणसंही कमी नाही. दिसेल त्या लग्नात "घर झालं का?" हे आपणच विचारतो. भाड्याने राहतात म्हटलं की तोंड वाकडं करतो. दोन खोल्यांचं घेतलं तर "एवढंसंच?" म्हणतो, आणि वास्तुशांतीचं जेवण जेवून घरी जातो. हप्ता भरायला त्यातलं कोणी येत नाही. रविवारपर्यंतच ऑफर आहे म्हणून घाई करणारा तो विक्रीवाला तर नाहीच नाही.

तेव्हा पोरांनो, करारनामा सहा महिने लांबवा. तो फ्लॅट गेला तर गेला, पुण्यात इमारती काही कमी पडत नाहीत. हप्ता आणि देखभाल मिळून ५४ हजार धरा, त्यातून भाड्याचे १८ वजा करा. उरलेले ३६ हजार दर महिन्याच्या पाच तारखेला आवर्ती ठेवीत टाका. एकही महिना चुकवायचा नाही, गणपतीचा आणि दिवाळीचासुद्धा. जमलं तर दोन लाख सोळा हजार आणि वर थोडं व्याज हातात येईल, मुद्रांकाचा जवळजवळ निम्मा खर्च सुटला. नाही जमलं तर मला फोन करा, आपण बसून ५० लाखांच्या घराचा हिशोब मांडू. मी वही काढून ठेवलेली आहे.